टक्के कशाचे?

वाढ आणि घट यांच्या शेकडेवारीविषयी या वेळी इतकी पत्रे आली की हे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला द्यावे असे मी ठरवले. पत्रे लिहिणाऱ्यांत शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलीची आई आहे, द्राक्ष बागायतदार आहेत, दुकानदार आहेत आणि सरकारी नोकरीत असलेले गृहस्थही आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी अडचण बहुतेक ठिकाणी एकच आहे. माध्यमिक शाळेत गणित शिकवताना मी वर्षानुवर्षे हेच पाहिले की मुलांना गुणाकार आणि भागाकार क्वचितच अडतात. त्यांना अडतो तो 'कशाचे' हा शब्द. 'पंचवीस टक्के' असे नुसते म्हटले तर त्यातून काहीच कळत नाही. ते कोणत्या रकमेचे, कोणत्या वजनाचे किंवा कोणत्या वर्षाच्या लोकसंख्येचे, हे ठरल्याशिवाय पेन्सिल हातात घेऊ नये, असे मी वर्गात सांगत असे आणि येथेही तेच सांगणार आहे.

प्रश्न : बाई, माझी मुलगी आठवीत असून शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करीत आहे. 'दुकानदाराने साडीची किंमत २५ टक्क्यांनी वाढवली आणि वाढलेल्या किमतीवर २५ टक्के सूट दिली, तर मूळ किमतीत किती टक्के फरक पडला?' या प्रश्नाला तिने 'काहीच फरक नाही' असे उत्तर लिहिले आणि ते चुकले. पंचवीस चढले आणि पंचवीस उतरले, तरी फरक कसा पडतो, हे मलाही तिला नीट समजावता आले नाही. (एक पालक, सातारा)

उत्तर : आपल्या मुलीची चूक अगदी स्वाभाविक आहे, त्यामुळे तिला रागावू नये. साडीची मूळ किंमत १,६०० रुपये धरू. पहिले पंचवीस टक्के या १,६०० रुपयांचे आहेत, म्हणजे ४०० रुपये. किंमत झाली २,००० रुपये. दुसरे पंचवीस टक्के मात्र २,००० रुपयांचे आहेत, म्हणजे ५०० रुपये. चढताना ४०० आणि उतरताना ५००, म्हणून साडी शेवटी १,५०० रुपयांना गेली आणि मूळ किमतीत १०० रुपयांची घट झाली. १,६०० मध्ये १०० म्हणजे सोळावा भाग, अर्थात ६.२५ टक्के. प्रश्नातले 'वाढलेल्या किमतीवर' हे शब्द तिला पेन्सिलने अधोरेखित करायला सांगावे; उत्तराची किल्ली त्या दोन शब्दांत आहे.

हा १०० रुपयांचा फरक नेमका कुठून आला, हेही तिला दाखवता येते आणि ते दाखवणे सूत्र पाठ करून घेण्यापेक्षा फार मोलाचे आहे. सूट मूळ १,६०० रुपयांवरही बसली आणि नव्याने चढवलेल्या ४०० रुपयांवरही बसली. १,६०० रुपयांवरची सूट ४०० रुपये होते, ती वाढीशी बरोबर कटते. राहिली ती चढवलेल्या ४०० रुपयांवरची सूट, म्हणजे १०० रुपये. घट झाली ती हीच. जितक्या टक्क्यांनी वाढ, तितक्याच टक्क्यांनी घट केली तर नेहमी घटच होते आणि ती 'टक्क्यांचे तितकेच टक्के' एवढी असते. पंचवीस टक्क्यांचे पंचवीस टक्के सव्वासहा होतात, दहाचे दहा टक्के एक, विसाचे वीस टक्के चार आणि पन्नासाचे पन्नास टक्के पंचवीस होतात.

घरात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे पाठ असलेली आजी असेल तर तिची मदत अवश्य घ्यावी. पंचवीस टक्के वाढ म्हणजे वस्तू 'सव्वापट' होणे आणि पंचवीस टक्के घट म्हणजे ती 'पाऊणपट' होणे. सव्वाची पाऊणपट करा, म्हणजे पाच चतुर्थांशांना तीन चतुर्थांशांनी गुणा. उत्तर पंधरा सोळांश येते. एक सोळांश कमी पडला तो हाच. आपल्या भाषेत सव्वापट, दीडपट, पाऊणपट हे शब्द तयार असताना आपण वाढ आणि घट बेरीज-वजाबाकीने करायला जातो आणि तेथेच घसरतो, याचे मला फार वाटते. टक्क्यांची प्रत्येक वाढ किंवा घट हा एक गुणाकार आहे. १० टक्के वाढ म्हणजे १.१० पट आणि ३० टक्के घट म्हणजे ०.७० पट. असे एकदा लिहिण्याची सवय लागली की आधी वाढ करून मग घट केली काय किंवा आधी घट करून मग वाढ केली काय, उत्तर एकच येणार हेही आपोआप समजते, कारण गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही. ताळा पाहायचा असेल तर १,६०० रुपयांवर आधी २५ टक्के सूट द्यावी, १,२०० होतील. त्यांत त्यांचेच २५ टक्के मिळवावे, पुन्हा १,५०० च येतील.

प्रश्न : आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. ५,९०० रुपयांच्या एका बिलात १८ टक्के जीएसटी धरलेला होता. करपूर्व किंमत काढण्यासाठी मुलाने ५,९०० चे १८ टक्के, म्हणजे १,०६२ रुपये वजा केले आणि ४,८३८ रुपये लिहिले. हिशेब जुळत नाही. दुसरे असे की सप्टेंबर २०२५ मध्ये कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा गिऱ्हाईक दहा टक्के स्वस्ताईची अपेक्षा धरून येत असे आणि तेवढी स्वस्ताई बिलात दिसत नसे. त्यांना काय सांगायला हवे होते? (एक दुकानदार, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या मुलाने कर कोणत्या रकमेवर बसतो हे क्षणभर नजरेआड केले. जीएसटी करपूर्व किमतीवर आकारला जातो. ५,९०० ही करासह झालेली किंमत आहे. करपूर्व किंमत १०० धरली तर करासह किंमत ११८ होते. तेव्हा ५,९०० ला ११८ ने भागून १०० ने गुणावे, म्हणजे ५,००० रुपये करपूर्व किंमत आणि ९०० रुपये कर असे उत्तर मिळेल. ताळा म्हणून ४,८३८ वर १८ टक्के कर लावून पाहावा. एकूण ५,७०८ रुपये ८४ पैसेच होतात, ५,९०० होत नाहीत. मुलाला ताळ्याची ही सवय लावली तर अशी चूक त्याची त्यालाच सापडेल.

उलट दिशेने जाताना काय करावे, याचा नियम आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील 'लीलावती'त विलोम म्हणजे उलट गणिताची रीत सांगताना असे म्हटले आहे की एखादी राशी (संख्या) स्वतःच्याच एखाद्या अपूर्णांकाइतक्या भागाने वाढवलेली असेल, तर मागे जाताना त्या अपूर्णांकाचा अंश तसाच ठेवावा आणि छेदात तो अंश मिळवावा. राशी घटवलेली असेल, तर छेदातून अंश वजा करावा. आपल्या बिलाला हाच नियम लावून पाहा. वाढ १८ शतांश होती, म्हणून मागे येताना १८ छेद ११८ इतका भाग काढावा लागेल. ५,९०० चे १८ छेद ११८ म्हणजे बरोबर ९०० रुपये. सव्वापट झालेल्या रकमेतून चौथा नव्हे तर पाचवा भाग वजा करून मूळ रकमेवर यायचे असते, तेही याच नियमाने.

आता गिऱ्हाइकांच्या अपेक्षेविषयी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठे दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्रे अशा वस्तूंवरील कर २८ वरून १८ टक्के झाला. करपूर्व किंमत ५०,००० रुपये असलेला संच आधी ६४,००० रुपयांना पडत होता, तो ५९,००० रुपयांना मिळू लागला. वाचलेले ५,००० रुपये करपूर्व किमतीच्या १० टक्के आहेत, ही गोष्ट खरी. परंतु गिऱ्हाईक आधी ६४,००० मोजत होते, म्हणून त्याच्या खिशाच्या दृष्टीने स्वस्ताई ६४,००० मध्ये ५,००० इतकी, म्हणजे सुमारे ७.८ टक्केच आहे. लोणी आणि तूप यांच्यावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेथे ११२ चे १०५ झाले आणि घट ६.२५ टक्के झाली. साबण, शाम्पू, केसांचे तेल यांच्यावरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेथे ११८ चे १०५ झाले आणि घट सुमारे ११ टक्के झाली. अर्थात दुकानदाराने करपूर्व किंमत तीच ठेवली असेल तरच हे आकडे लागू पडतात. आपण १२८ आणि ११८ हे दोन आकडे पाटीवर लिहून दाखवले असते, तर बहुतेकांचे समाधान झाले असते असे मला वाटते.

प्रश्न : मी घेतलेल्या एका कंपनीच्या समभागाची किंमत ४० टक्क्यांनी पडली. 'आता ४० टक्क्यांनी चढली की तुझी बरोबरी होईल,' असे मित्र म्हणतो. ते बरोबर आहे का? (एक अभियंता, पुणे)

उत्तर : बरोबर नाही. १०० चे ६० झाले. ६० चे पुन्हा १०० व्हायला ४० रुपये चढले पाहिजेत आणि ४० हे ६० चे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ६६.६७ टक्के होतात. घट जितकी मोठी, तितकी ही दरी झपाट्याने रुंदावते. १० टक्के घट भरून निघायला ११.११ टक्के वाढ पुरते, २५ टक्के घटीला ३३.३३ टक्के लागते आणि ५० टक्के घटीला १०० टक्के. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३४.७२ अंकांनी कोसळून २५,९८१.२४ वर बंद झाला. ती घट आदल्या बंद निर्देशांकाच्या १३.१५ टक्के होती. तेच अंक परत मिळवण्यासाठी लागणारी वाढ मात्र १५.१४ टक्के होती, कारण अंक तितकेच असले तरी आता ते लहान झालेल्या संख्येशी ताडून पाहायचे होते.

प्रश्न : आमच्या भागात द्राक्षापासून बेदाणा करतात. ताज्या द्राक्षात ८० टक्के पाणी असते आणि तयार बेदाण्यात १५ टक्के राहते असे धरले, तर ८० मधून १५ गेले, म्हणजे ६५ टक्के पाणी उडाले. मग १०० किलो द्राक्षांचा ३५ किलो बेदाणा हाती यायला हवा. प्रत्यक्षात चार किलोला एक किलो हेच गणित बसते आणि कधी कधी तेवढाही पडत नाही. वाळवणीत आमचे दहा-बारा किलो जातात कुठे? (एक द्राक्ष बागायतदार, तासगाव)

उत्तर : आपले पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण पाठ्यपुस्तकातील कोणत्याही उदाहरणापेक्षा हे उदाहरण सरस आहे. आपले काहीही कुठेही जात नाही. चूक वाळवणीत नसून वजाबाकीत आहे.

८० टक्के हे १०० किलो द्राक्षांचे आहेत. १५ टक्के हे बेदाण्याच्या वजनाचे आहेत आणि बेदाण्याचे वजन किती, हेच तर आपल्याला शोधायचे आहे. दोन वेगवेगळ्या वजनांचे टक्के एकमेकांतून वजा करता येत नाहीत. ते एका शेताच्या आणेवारीतून दुसऱ्या शेताची आणेवारी वजा करण्यासारखे होईल.

अशा वेळी जी गोष्ट बदलत नाही तिला धरावे. वाळताना पाणी उडते, परंतु साखर, साल आणि गर यांचा कोरडा भाग द्राक्षात होता तितकाच बेदाण्यात राहतो. १०० किलो द्राक्षांत ८० किलो पाणी असेल तर कोरडा भाग २० किलो आहे. बेदाण्यात १५ टक्के पाणी राहणार असेल तर हाच २० किलो कोरडा भाग बेदाण्याच्या ८५ टक्के असला पाहिजे. म्हणून बेदाण्याचे वजन २० भागिले ०.८५, म्हणजे सुमारे साडेतेवीस किलो. त्यात पाणी साडेतीन किलो. चार किलोला एक किलो हा आपल्याकडचा अनुभव या उत्तराच्या अगदी जवळचा आहे. पाण्याचे म्हणाल तर ८० किलोंपैकी सुमारे साडेशहात्तर किलो पाणी शेडमधल्या जाळ्यांवर उडून गेले. मूळ पाण्यात झालेली घट ६५ नव्हे, सुमारे ९५.६ टक्के आहे. एकूण वजनात झालेली घट सुमारे ७६.५ टक्के आहे. '६५ टक्के' ही संख्या या सगळ्या व्यवहारात कशाचेही माप नाही.

हे गणित येथेच सोडून देण्यासारखे नाही, कारण त्यातून आपल्या उपयोगाची आणखी एक गोष्ट निघते. समजा, द्राक्षे वेलीवर आणखी पिकू दिली, गोडी भरली आणि पाण्याचे प्रमाण ८० ऐवजी ७८ टक्के झाले. वरवर पाहता फरक दोनच टक्क्यांचा दिसतो. पण कोरडा भाग २० किलोंचा २२ किलो झाला, म्हणजे तो स्वतःच्या मानाने १० टक्क्यांनी वाढला. बेदाणा आता २२ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे २५.९ किलो मिळेल. तोडणीच्या वेळच्या १०० किलोमागे सुमारे २.३५ किलो बेदाणा अधिक, अर्थात पूर्वीच्या बेदाण्यापेक्षा १० टक्के अधिक. पाणी २.५ टक्क्यांनी कमी झाले आणि माल १० टक्क्यांनी वाढला, कारण पाणी हा मोठा भाग आहे आणि कोरडा भाग लहान. तेच दोन किलो मोठ्या भागात थोडे दिसतात आणि लहान भागात पुष्कळ. बेदाण्यासाठी द्राक्ष कच्चे तोडू नये असे जाणते बागायतदार सांगतात, त्यामागे हा हिशेब उभा आहे. आपल्या बागेतले पाण्याचे खरे प्रमाण माझ्या आकड्यांहून वेगळे असेल, तर ८० आणि १५ यांच्या जागी आपले आकडे घालून हीच रीत वापरावी.

प्रश्न : केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता १ जुलै २०२५ पासून ५५ वरून ५८ टक्के झाला. घरी मी पगार तीन टक्क्यांनी वाढला असे सांगितले. मुलाच्या मते वाढ ५.४५ टक्के आहे आणि बँकेत जमा झालेली रक्कम पाहिली तर दोन टक्केही वाढ दिसत नाही. आम्हा दोघांपैकी चूक कोणाची? (एक केंद्रीय कर्मचारी, नागपूर)

उत्तर : आपल्या घरात तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही आकडे खरे आहेत, ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. सोयीसाठी मूळ वेतन ४०,००० रुपये धरू आणि घरभाडे वगैरे इतर भत्ते बाजूला ठेवू. महागाई भत्ता २२,००० होता, तो २३,२०० रुपये झाला. वाढलेले १,२०० रुपये मूळ वेतनाच्या ३ टक्के आहेत. आपण म्हणता ते हे. तेच १,२०० रुपये आधीच्या भत्त्याच्या, म्हणजे २२,००० रुपयांच्या, ५.४५ टक्के आहेत. मुलाचे म्हणणे हे. मूळ वेतन आणि भत्ता मिळून आधी ६२,००० रुपये मिळत होते आणि आता ६३,२०० रुपये मिळतात, तेव्हा हातात येणाऱ्या रकमेतील वाढ १.९४ टक्के आहे. बँकेच्या पुस्तकात दिसते ती ही. तरीही 'पगार तीन टक्क्यांनी वाढला' हे वाक्य मात्र बरोबर नाही, कारण ते तीन टक्के पगाराचे नसून मूळ वेतनाचे आहेत.

जे प्रमाण मुळातच टक्क्यांत सांगितले जाते त्यातील फरकाला 'टक्केबिंदू' म्हणावे, म्हणजे घोटाळा टळतो. भत्ता तीन टक्केबिंदूंनी वाढला असे म्हटले की ऐकणाऱ्याचा गैरसमज होत नाही. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, २०२५ या वर्षात चार टप्प्यांत ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. ही घट १.२५ टक्केबिंदूंची आहे, दराच्या मानाने पाहिले तर १९.२३ टक्क्यांची आहे, आणि गृहकर्जाच्या हप्त्याच्या मानाने ती यांहून वेगळीच येते. २० वर्षांच्या ३० लाख रुपयांच्या कर्जाचा दर ८.५० वरून ७.२५ टक्के झाला असे धरले तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपयांवरून २३,७११ रुपयांवर येतो, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांनी कमी होतो, कारण हप्त्यात व्याजाबरोबर मुद्दलाची फेडही असते आणि ती दर उतरल्याने कमी होत नाही.

प्रश्न : २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. दोन्ही जिल्ह्यांची मिळून घट सांगायची असेल तर बेरीज करून ७ टक्के म्हणावे की सरासरी काढून ३.५ टक्के? (एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : दोन्हीही नाही. जनगणनेचे आकडे घेऊन सरळ मोजावे. रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ होती, ती ८,४९,६५१ झाली. दोन्ही मिळून २५,६५,६०२ माणसांची २४,६४,७२० झाली. घट १,००,८८२ माणसांची, म्हणजे ३.९३ टक्के. हे उत्तर ३.५ पेक्षा रत्नागिरीच्या ४.८ कडे अधिक झुकलेले आहे, आणि ते तसेच असायला हवे, कारण दोन जिल्ह्यांत माणसे रत्नागिरीत जवळजवळ दुप्पट आहेत. साधी सरासरी दोन्ही आधार सारखे असतील तेव्हाच चालते. बेरीज तर येथे कधीच चालणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात शंभरातून पाच माणसेही कमी झालेली नसताना दोन्ही जिल्हे मिळून शंभरातून सात कशी कमी होतील, एवढा विचार वर्गात बोलून दाखवला तरी मुलांना पटते.

कोकणातील चाकरमान्यांची वाट ज्या दिशेने जाते त्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या याच दशकात ३६ टक्क्यांनी वाढली (पालघर तेव्हा वेगळा झालेला नव्हता). हा आकडा वर्गात घेतलात तर आणखी एक खबरदारी घ्यावी. दहा वर्षांत ३६ टक्के म्हणजे दर वर्षी ३.६ टक्के असे मुले लगेच म्हणतात. परंतु दर वर्षीची वाढ आदल्या वर्षी वाढलेल्या लोकसंख्येवर होते, म्हणून सारख्या दराने वाढ झाली असे धरल्यास तो दर वर्षाला सुमारे ३.१२ टक्के येतो. दर वर्षी ३.६ टक्के वाढ झाली असती तर दहा वर्षांत ती ४२ टक्क्यांच्या पुढे गेली असती.

प्रश्न : मी पोलीस भरतीच्या परीक्षेची तयारी करतो. 'साखरेचा भाव २५ टक्क्यांनी वाढला तर खर्च तोच राहण्यासाठी वापर किती टक्क्यांनी कमी करावा?' आणि 'आयताची लांबी २० टक्क्यांनी वाढवली व रुंदी १० टक्क्यांनी कमी केली तर क्षेत्रफळात किती फरक पडेल?' अशा प्रश्नांसाठी वेगवेगळी सूत्रे पाठ केली आहेत, पण ऐन वेळी गोंधळ होतो. (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : वेगवेगळी सूत्रे सोडून द्यावी, पटीत लिहिले की दोन्ही प्रश्न सारखेच आहेत. भाव आणि वापर यांचा गुणाकार म्हणजे खर्च. भाव पाच चतुर्थांश पट झाला, तेव्हा खर्च तोच राहायला वापर चार पंचमांश पट झाला पाहिजे. म्हणजे एक पंचमांश, अर्थात २० टक्के कमी. लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ. लांबी १.२० पट, रुंदी ०.९० पट, म्हणून क्षेत्रफळ १.०८ पट, ८ टक्के वाढ. आपण पाठ केलेले सूत्र बहुधा दोन्ही टक्क्यांची बेरीज करून त्यांत त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग मिळवण्याचे असेल. ते खरे आहे, पण घटीसाठी ऋण चिन्ह घ्यावे लागते आणि गोंधळ होतो तो तेथेच : २० मधून १० गेले, १० उरले, आणि २० व उणे १० यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग उणे २, म्हणून ८. तोंडी करताना पटीची रीत अधिक सुरक्षित आहे.

प्रश्न : शाळेचे शुल्क तीन वर्षे दर वर्षी १० टक्क्यांनी वाढले. ते एकूण ३० टक्क्यांनी वाढले असे तक्रारअर्जात लिहावे का? (एक पालक, ठाणे)

उत्तर : ३३.१ टक्के लिहावे. १.१० ला तीनदा घेऊन गुणाकार केला की १.३३१ येतात. शुल्क मुळात ५०,००० रुपये असेल तर ते ६५,००० नव्हे, ६६,५५० रुपये झालेले आहे, आणि अर्जात वाढीआधीच्या व शेवटच्या वर्षाच्या पावत्यांवरचे आकडे टक्क्यांच्या शेजारी मांडावेत.

प्रश्न : जमिनीचा भाव तिप्पट झाला तर ३०० टक्के वाढ म्हणावी का? आणि एखाद्या वस्तूच्या भावात १०० टक्क्यांहून अधिक घट होऊ शकते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तिप्पट झाला म्हणजे १०० चे ३०० झाले, वाढ २०० ची, म्हणून २०० टक्के. ३०० टक्के वाढ म्हणजे भाव चौपट होणे. 'तीन पटींनी वाढला' असे लिहिले तर कोणी तिप्पट समजतो आणि कोणी चौपट, म्हणून 'तिप्पट झाला' असेच लिहावे. भावात १०० टक्के घट म्हणजे वस्तू फुकट मिळणे. नेहमीच्या खरेदी-विक्रीत त्याखाली भाव जात नाही. कंपनीच्या नफ्याचे तसे नाही. नफा १ कोटी रुपयांचा होता आणि पुढच्या वर्षी २५ लाखांचा तोटा झाला, तर घट सव्वा कोटीची, म्हणजे १२५ टक्के होते. मात्र त्यापुढच्या वर्षी तोट्यातून नफ्यात आल्यावर वाढीचे टक्के काढायला जाऊ नये, कारण आधाराची संख्याच शून्याच्या खाली असल्याने येणाऱ्या उत्तराला काही अर्थ राहत नाही. तेथे रुपयेच सांगावे.